शिपायाचें घर

मराठी भाषेंत ‘शिपाई’ हा शब्द दोन माणसांना लागतो. सीमेवर बंदूक घेऊन उभा असतो तोहि शिपाई, आणि शाळेच्या किंवा कचेरीच्या दारांत स्टुलावर बसून घंटेची वेळ पाहतो तोहि शिपाई. हे दोन अर्थ एका शब्दांत कां नांदतात, याचा विचार मीं नोकरीच्या पहिल्या वर्षांत कधीं केला नव्हता. तो करावयास एका माणसानें मला भाग पाडलें. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ मी त्यांच्यापासूनच करतों.

१९८४ सालीं मी एका तालुक्याच्या गांवीं शाळेंत नवीन शिक्षक म्हणून लागलों. त्याच वर्षीं शाळेला एक नवा शिपाई मिळाला. गृहस्थ पंधरा वर्षें फौजेंत काढून आलेले, १९७१ चें युद्ध पाहिलेले, अंगानें ताठ आणि बोलण्यांत मोजके. मुलें शाळेच्या शिपायाला मामा म्हणतात, त्याप्रमाणें तीं त्यांना मामा म्हणूं लागलीं आणि पाठोपाठ आम्ही शिक्षकहि म्हणूं लागलों. थोड्याच दिवसांत असें उघड झालें कीं, मामांना राहावयास घर नाहीं. गांवाकडे घर होतें, बायको होती, एक मुलगी होती. परंतु फौजेंतून आल्यावर दारूचें व्यसन जडलें, हातचा पैसा गेला, भावांशीं भांडण झालें, आणि तें दार त्यांना बंद झालें. हेडमास्तरांनीं त्यांना नकाशांची खोली राहावयास दिली. मी तेव्हां तरुण होतों आणि नियमांचा मोठा अभिमानी होतों. शाळा ही कांहीं धर्मशाळा नव्हे, असें मीं शिक्षकांच्या बैठकींत सर्वांदेखत बोलून दाखविलें. हेडमास्तर हंसून म्हणाले, “धर्मशाळा नव्हेच, गुरुजी. धर्मशाळेंत तीन दिवस राहतां येतें, आणि कोणी कांहीं विचारीत नाहीं. येथें आपण विचारणार आहों.” त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनीं कळला. मामांचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. तत्पूर्वीं, लढाईवरून परतलेल्या माणसाला घर कसें द्यावें या प्रश्नाचा इतिहास आपण थोडक्यांत पाहूं.

हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. १६५९ सालीं अफझलखानाचा पराभव झाल्यावर शिवछत्रपतींनीं काय केलें तें सभासदानें आपल्या बखरींत नमूद करून ठेविलें आहे. जे कामास आले त्यांच्या मुलांना चाकरींत घेतलें, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या स्त्रियांना निमें वेतन लावून दिलें, आणि जे जखमी झाले त्यांना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशें होनांपर्यंत द्रव्य दिलें. पेशवाईच्या दप्तरांत पुढें ‘बालपरवेशी’ हा शब्द वारंवार भेटतो. मृत शिपायाच्या कुटुंबाच्या पोषणासाठीं दिलेली ती नेमणूक होय. या सर्व व्यवस्थेंत द्रव्य आहे, धान्य आहे, जमीन आहे. पण घर कोठेंच नाहीं. त्याचें कारण उघड आहे. आपला शिपाई हा मूळचा शेतकरी. दसऱ्याला तो मोहिमेवर निघे आणि पावसाळ्यापूर्वीं परते. तो मुलखावर असतां त्याचें घर, त्याचें शेत आणि त्याचा गांव त्याच्यामागें उभा असे. गांवानें त्याला पाठविलेलें असे आणि गांवच त्याला परत घेई.

युरोपांत बारमाही खडी फौज उभी राहिली, तेव्हां ही गांठ सुटली. वीस-पंचवीस वर्षें छावणींत घालविलेला म्हातारा, लंगडा किंवा थोटा सैनिक परत जाणार तरी कोठें? तो राजधानीच्या रस्त्यांवर भीक मागूं लागला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें १६७० सालीं फर्मान काढून पॅरिस येथें अशा सैनिकांकरितां ‘अँव्हालिद’ नांवाचा प्रचंड प्रासाद बांधावयास घेतला, आणि १६७४ सालीं पहिले सैनिक तेथें राहावयास आले. ज्यांचे हात चालत होते त्यांच्यासाठीं तेथें जोडे शिवण्याचे आणि गालिचे विणण्याचे कारखाने होते. पाठोपाठ इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें १६८२ सालीं चेल्सी येथें तसेंच भवन स्थापिलें. त्याचा नकाशा क्रिस्तोफर रेन या सुप्रसिद्ध स्थापत्यकारानें काढला, आणि तें भवन आजहि चालूं आहे. तांबड्या अंगरख्यांतले तेथील वृद्ध सैनिक लंडनकरांच्या कौतुकाचा विषय आहेत. परंतु या दोन्ही वास्तूंचा हेतु नीट ध्यानीं घेतला पाहिजे. तीं मरेपर्यंत राहावयाचीं घरें होतीं. त्यांच्या दारांतून जो आंत जाई, त्यानें पुन्हां संसारांत यावें अशी कोणाची अपेक्षा नसे.

सैनिकानें आंत यावें, बरें व्हावें, आणि पुन्हां बाहेर जाऊन स्वतःच्या घरांत राहावें, ही कल्पना फार अलीकडची आहे. तिचा इतिहास अमेरिकेंत सर्वांत स्पष्ट दिसतो. कारण त्या देशानें या एकाच प्रश्नाला दीडशें वर्षांत एकामागून एक निरनिराळीं उत्तरें देऊन पाहिलीं, आणि आपल्या चुकाहि मोकळेपणें लिहून ठेविल्या.

पहिलें उत्तर यादवी युद्धाच्या अखेरीस आलें. ४ मार्च १८६५ रोजीं अब्राहम लिंकन यांनीं दुसऱ्यांदां अध्यक्षपदाची शपथ घेतली. आणि ज्यानें लढाईचा भार वाहिला त्याची, त्याच्या विधवेची व पोरक्या मुलाची काळजी वाहणें हें राष्ट्राचें काम आहे, असें त्यांनीं त्या भाषणाच्या शेवटीं सांगितलें. त्याच्या आदल्याच दिवशीं त्यांनीं अपंग स्वयंसैनिकांसाठीं राष्ट्रीय आश्रम काढण्याच्या कायद्यावर सही केली होती. या आश्रमाच्या खर्चाची तरतूद मोठी विलक्षण होती. सैनिकांना झालेले दंड, पळपुट्यांचा जप्त झालेला पगार, आणि मृत सैनिकांची कोणी मागावयास न आलेली रक्कम, यांतून तो चालावयाचा होता. म्हणजे मेलेल्या बिनवारशी सोबत्याच्या पैशावर जिवंत सोबती जगावयाचा! १८६६ सालीं मेन प्रांतांत टोगस येथें पहिली शाखा उघडली. पुढच्याच वर्षीं ओहायोंतील डेटन येथें व मिलवॉकी येथें शाखा निघाल्या. आरंभीं या संस्थेच्या नांवांत ‘असायलम’ हा शब्द होता. तो ऐकून वेड्यांच्या इस्पितळाची आठवण होई, म्हणून १८७३ सालीं तो काढून तेथें ‘होम’, म्हणजे घर, हा शब्द घातला. शब्द बदलण्यास आठ वर्षें लागलीं. अर्थ बदलण्यास शंभराहून अधिक लागणार होतीं.

हीं घरें एखाद्या नगरासारखीं असत. डेटनच्या आवारांत ग्रंथालय होतें, नाटकगृह होतें, तळीं होतीं, हरणांचें उद्यान होतें. आसपासचे लोक तेथें सहलीला जात. राहणारे निळा गणवेश घालीत, बिगुलावर उठत, तुकडी करून जेवावयास बसत. येथें कृष्णवर्णीय सैनिकांनाहि प्रवेश होता, आणि त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती. तथापि उणीव होती ती हीच कीं, तेथला माणूस आयुष्यभर शिपाईच राहत असे. दिवस ढकलण्याची सोय होती. आयुष्य पुन्हां उभारण्याची नव्हती.

याच संस्थेच्या एका शाखेसाठीं १८८८ सालीं लॉस एंजेलिस शहराजवळ एक मोठें दान झालें. जॉन जोन्स नांवाचे एक धनाढ्य सेनेटर आणि आर्केडिया बॅंडिनी द बेकर ही जमीनदारीण, या दोघांनीं शेंकडों एकर जमीन सरकारला दिली. दानपत्रांत अट एकच होती: या जमिनीवर अपंग सैनिकांचें घर बांधावें आणि तें कायम चालवावें. श्रोतेहो, ‘कायम’ हा शब्द आपण लक्षांत ठेवावा. या जमिनीकडे आपल्याला पुन्हां यावयाचें आहे.

दुसरें उत्तर पैशाचें होतें, आणि तें फार वाईट रीतीनें दिलें गेलें. पहिल्या महायुद्धांतील सैनिकांना १९२४ सालीं सरकारनें एक बक्षीसपत्र दिलें. मात्र त्याचे पैसे मिळावयाचे होते १९४५ सालीं. मध्यंतरीं महामंदी आली. घरदार गमावलेले सुमारें वीस हजार माजी सैनिक, कित्येक तर बायकामुलांसह, १९३२ च्या उन्हाळ्यांत वॉशिंग्टनला जमले; आमचे पैसे आतांच द्या, एवढीच त्यांची मागणी होती. नदीकांठच्या चिखलांत पत्र्याच्या व खोक्यांच्या झोपड्या बांधून ते महिना-दोन महिने शिस्तीनें राहिले. २८ जुलै रोजीं सरकारनें त्यांच्यावर सैन्य पाठविलें. सेनापति होते डग्लस मॅकार्थर. बरोबर घोडेस्वार होते, रणगाडे होते, अश्रुधूर होता. त्याच रात्रीं त्या झोपड्या जळून गेल्या. सैन्यानें आपल्याच जुन्या सैनिकांचीं घरें जाळलीं, हें दृश्य राष्ट्राच्या मनांतून गेलें नाहीं. चार वर्षांनीं, १९३६ सालीं, पैसे द्यावेच लागले.

त्या लाजेंतूनच तिसरें उत्तर जन्मास आलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. दुसरें महायुद्ध चालूं असतांनाच, २२ जून १९४४ रोजीं, अमेरिकेनें सैनिकांच्या पुनर्वसनाचा नवा कायदा केला. त्यानें सैनिकाला आश्रम दिला नाहीं. शिक्षणाचा खर्च दिला आणि घराच्या कर्जाला सरकारची हमी दिली. सुमारें ७८ लाख माणसांनीं या कायद्याच्या आधारें शिक्षण किंवा धंद्याचें प्रशिक्षण घेतलें. या यशाला एक काळी किनार मात्र होती. कर्ज देणार होत्या बँका, आणि त्या कृष्णवर्णीय सैनिकाला पुष्कळदां दारांतूनच परत पाठवीत. कायद्याच्या अक्षरांत भेद नव्हता. तो त्याच्या अंमलांत होता.

तथापि हें उत्तर ज्याला लागू पडलें तो सैनिक धडधाकट होता, विजयी होता, आणि आपल्या पलटणीबरोबर जहाजानें हळूहळू घरीं आला होता. व्हिएतनामच्या युद्धांत हें सर्व उलटें झालें. तेथें सैनिकाची मुदत साधारणतः एक वर्षाची असे. तो एकटा जाई आणि एकटाच परते. जंगलांतून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत विमानानें आपल्या गल्लींत उतरे. ज्या युद्धाबद्दल देशांत दुमत होतें, त्याची चीड पुष्कळ वेळां या परतणाऱ्या मुलांवरच निघे. मनाला झालेल्या जखमेला नांवहि नव्हतें; १९८० सालीं अमेरिकन मानसवैद्यांनीं तिला आपल्या रोगसूचींत प्रथम स्वतंत्र स्थान दिलें. आणि एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: हे लोक परतल्याबरोबर रस्त्यावर आले नाहींत. आधीं नोकरी सुटली, मग दारू किंवा अफूचा अंमल चढला, मग संसार मोडला, आणि मग दहा-बारा वर्षांनीं छप्पर गेलें. नेमक्या त्याच काळांत मोठ्या शहरांतलीं एका खोलीचीं स्वस्त भाड्याचीं हॉटेलें पाडलीं जात होतीं, आणि सरकारचा घरबांधणीचा खर्च आंखडत होता. घसरणाऱ्या माणसाच्या पायाखालची शेवटची पायरीच काढून घेतली गेली.

यावर पहिला उपाय सरकारनें काढला नाहीं. तो सैनिकांनींच काढला. १९८८ सालीं सॅन डिएगो शहरांत व्हिएतनामच्या कांहीं माजी सैनिकांनीं एका मैदानावर तीन दिवस तंबू ठोकले आणि बेघर सोबत्यांना आंत बोलाविलें. त्याला त्यांनीं नांव दिलें ‘स्टँड डाउन’. लढून थकलेली तुकडी आघाडीवरून मागें, सुरक्षित जागीं, विश्रांतीला आणीत, त्यासाठीं वापरला जाणारा हा लष्करी शब्द आहे. तंबूंत आंघोळीचें पाणी होतें, न्हावी होता, धुतलेले कपडे होते, वैद्य होता, वकील होता. पुढच्या वर्षीं तर तेथें न्यायाधीशहि येऊन बसले; कारण रस्त्यावर झोपल्याबद्दल, दारू पिऊन पडल्याबद्दल झालेले किरकोळ दंड थकून या माणसांच्या नांवें वॉरंटें निघालेलीं असत, आणि वॉरंट असलेल्या माणसाला कोणी नोकरी देत नाहीं व घरहि देत नाहीं.

परंतु तीन दिवसांनंतर काय? या प्रश्नाला १९९२ च्या कायद्यानें उत्तर दिलें. सेवाभावी संस्थांनीं सैनिकांसाठीं निवास चालवावा, तो उभारण्यास सरकारनें अनुदान द्यावें, आणि राहणाऱ्या प्रत्येकामागें दररोज ठराविक रक्कम द्यावी. राहण्याची मुदत मात्र जास्तींत जास्त चोवीस महिने. यालाच आपण संक्रमण-निवास म्हणूं. जेथें कायम राहावयाचें नाहीं, परंतु जेथून रस्त्यावरहि परत जावयाचें नाहीं, अशी ही मधली जागा.

तेथें काय घडतें, तें समजावें म्हणून आपण एक गृहस्थ कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. वय पंचावन्न, सात वर्षें रस्त्यावर काढलेलीं, हातांत एक पिशवी. पहिल्या दिवशीं त्याला एक लहान खोली मिळते आणि त्या खोलीची किल्ली मिळते. ज्याच्या खिशांत सात वर्षें किल्ली नाहीं, त्यालाच तिचें वजन कळतें. दुसऱ्या दिवसापासून एक मदतनीस त्याच्याबरोबर बसूं लागतो. प्रथम कागद गोळा करावयाचे. फौजेंतून मुक्त झाल्याचा दाखला हरवलेला असतो. तो मिळाल्याशिवाय पेन्शन नाहीं, सैनिकी इस्पितळ नाहीं, कांहींच नाहीं. मग वैद्य, मग दांत, मग चष्मा. मग व्यसन, त्याच्यासाठीं संध्याकाळची बैठक, जेथें दहा माणसें आपापलें बोलतात आणि कोणी कोणाला उपदेश करीत नाहीं. मग जुनें कर्ज, थकलेली पोटगी, कोर्टाचा दंड. मग काम, प्रथम अर्ध्या दिवसाचें, पुढें पूर्ण दिवसाचें. मिळालेल्या पैशांतून कांहीं भाग बाजूला ठेवावयाचा, कारण भाड्याच्या घराला अनामत लागते. स्वयंपाकघराची आणि झाडलोटीची पाळी त्यालाहि असते. शेजारच्या खोलींत दुसरा सैनिक असतो. रात्रीं दचकून उठणें, दाराकडे पाठ करून न बसणें, या गोष्टी त्याला समजावून सांगाव्या लागत नाहींत. दीड वर्षानें आपले गृहस्थ एका लहानशा भाड्याच्या घरांत जातात. तेथेंहि मदतनीस कांहीं महिने येतोच. कारण माणूस पुन्हां घसरतो तो बहुधा नव्या घरांतील पहिल्या एकांतांत.

या पद्धतीवर आक्षेपहि घेतले गेले, आणि ते वजनदार आहेत. न्यूयॉर्कमध्यें १९९२ सालींच एका संस्थेनें उलट मार्ग धरला. आधीं घर द्या, बाकीचें मागाहून पाहूं, असें तिचें सूत्र होतें. तिचें म्हणणें असें कीं, आधीं दारू सोड, आधीं नोकरी मिळव, मग घर देऊं, ही शिडी चढतां चढतां अगदीं दुबळा माणूसच खालीं पडतो; आणि ज्याला सर्वांत अधिक गरज, तोच बाहेर राहतो. हा युक्तिवाद पुष्कळ अंशीं खरा ठरला. सैनिकांसाठीं भाड्याची चिठ्ठी आणि मदतनीस अशी जोड देणारी योजना २००८ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तींत राहणारा आपल्या उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भाडें स्वतः देतो आणि उरलेलें सरकार देतें. संक्रमण-निवासानेंहि यांतून धडा घेतला. कांहीं ठिकाणीं आतां मुदत संपल्यावर माणसाला खोलींतून काढीत नाहींत. त्याच घराचा भाडेकरार त्याच्या नांवावर करतात. माणूस तेथेंच राहतो. निघून जातो तो मदतनीस.

मुंबईकर श्रोत्यांना या आक्षेपाचें मर्म लवकर कळेल. आपल्याकडे जुनी चाळ पाडली कीं भाडेकरूंना संक्रमण शिबिरांत पाठवितात, आणि कित्येकांच्या दोन दोन पिढ्या त्या शिबिरांतच जातात. पूल हा ओलांडण्यासाठीं असतो. पलीकडचा कांठ बांधलेलाच नसेल, तर पुलावरच वस्ती होते. संक्रमण-निवासाचें यश त्याच्या खोल्यांवरून मोजावयाचें नसतें. पुढचीं घरें किती तयार आहेत, यावरून मोजावयाचें असतें.

या सर्व उपायांचा परिणाम काय झाला? अमेरिकेंत दरवर्षीं जानेवारींतील एका रात्रीं बेघर माणसांची मोजदाद करतात. २०१० सालीं त्यांत सुमारें ७४ हजार माजी सैनिक आढळले. २०२४ सालीं तो आंकडा ३२,८८२ वर आला. निम्म्याहून अधिक घट झाली, आणि तीहि अशा काळांत कीं, त्याच २०२४ च्या मोजणींत देशांतील एकूण बेघरांची संख्या सात लाख सत्तर हजारांवर, म्हणजे मोजदाद सुरू झाल्यापासूनच्या सर्वोच्च आंकड्यावर, पोचली होती. यावरून एवढें सिद्ध होतें कीं, बेघरपण हें वादळासारखें आकाशांतून पडत नाहीं. मनावर घेतलें तर तें कमी करतां येतें.

आतां आपण लॉस एंजेलिसच्या त्या दान दिलेल्या जमिनीकडे परत येऊं. तेथें एके काळीं हजारों सैनिक राहत. त्यांच्यासाठीं १९०० सालीं बांधलेलें लांकडी प्रार्थनामंदिर अद्यापि उभें आहे. परंतु १९७० नंतरच्या काळांत जुन्या इमारती ओस पडल्या. उरलेल्या ३८८ एकरांवर इस्पितळ राहिलें. पण घर राहिलें नाहीं. मोकळ्या जागा भाड्यानें गेल्या. एका विद्यापीठाचें बेसबॉलचें मैदान झालें, एका खासगी शाळेचीं क्रीडांगणें झालीं, मोटारी उभ्या करण्याच्या जागा झाल्या. २०११ सालीं कांहीं बेघर सैनिकांच्या वतीनें सरकारवर दावा लागला. २०१३ सालीं न्यायालयानें ते भाडेकरार बेकायदा ठरविले. २०१५ सालीं तडजोड झाली. २०१६ च्या आराखड्यांत त्या जमिनीवर १,२०० घरें बांधण्याचें ठरलें. घरें मात्र गोगलगाईच्या चालीनें उठूं लागलीं. २०२० आणि २०२१ सालीं त्या आवाराच्या कुंपणाबाहेर, सार्वजनिक पदपथावर, बेघर सैनिकांचे तंबू ओळीनें उभे होते, आणि तंबूंवर राष्ट्रध्वज लावलेले होते. कुंपणाच्या आंत त्यांच्यासाठीं दान दिलेली जमीन, आणि कुंपणाच्या बाहेर ते!

२०२२ सालीं पुन्हां दावा झाला. तो ज्यांच्यापुढें चालला ते न्यायाधीश डेव्हिड कार्टर हे स्वतः व्हिएतनाममध्यें लढलेले आणि खे सान येथें जखमी झालेले. सप्टेंबर २०२४ मध्यें त्यांनीं निकाल दिला कीं, सरकारनें या जमिनीवर ठरल्याहून आणखी १,८०० कायम घरें बांधावीं, आणि तीं होईपर्यंत ७५० तात्पुरतीं घरें अठरा महिन्यांत उभीं करावीं. सरकार अपिलांत गेलें. पुढें मे २०२५ मध्यें राष्ट्राध्यक्षांनींच आदेश काढून २०२८ पर्यंत तेथें सहा हजार सैनिकांची सोय करण्याचें जाहीर केलें. दानपत्रांतला ‘कायम’ हा एक शब्द एकशें सदतीस वर्षें जिवंत राहिला, तो कोणा मंत्र्यानें जपला म्हणून नव्हे. ज्यांच्यासाठीं तो लिहिला होता, त्यांनीं तो पदपथावर बसून पुन्हां वाचून दाखविला म्हणून.

आपण महाराष्ट्रीयांनीं ही हकीगत परक्याची म्हणून ऐकूं नये. पहिल्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या भारतीय सैनिकांना धंदा शिकविण्यासाठीं १९१७ सालीं सुरू झालेली क्वीन मेरीज् टेक्निकल संस्था पुण्याजवळ खडकीस आजहि चालूं आहे. खडकीसच १९७४ सालीं कंबरेखालीं लुळ्या झालेल्या सैनिकांसाठीं पुनर्वसन केंद्र स्थापन झालें. चाकांच्या खुर्चींत बसलेले जवान तेथें काम शिकतात आणि खेळांत भाग घेतात. ज्याची जखम डोळ्यांना दिसते, त्याच्यासाठीं आपण कांहीं केलें आहे. ज्याची दिसत नाहीं, त्याला मात्र आपण अजून दारूडा म्हणून मोकळे होतों.

मीहि तेंच केलें होतें. आतां मामांचें सांगतों. हेडमास्तरांनीं त्यांना नकाशांच्या खोलीबरोबर तीन अटी दिल्या होत्या. आवारांत दारू आणावयाची नाहीं. पगारांतले कांहीं पैसे दरमहा पोस्टांत टाकावयाचे. आणि दर रविवारीं घरीं एक पत्र लिहावयाचें. मामांचें अक्षर बरें नव्हतें, म्हणून तें पत्र लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. बैठकींत बोललेल्या वाक्याची ती शिक्षा होती, हें मला तेव्हां समजलें नाहीं. पहिल्या महिन्यांत एकाहि पत्राला उत्तर आलें नाहीं. दोनदां मामांची पहिली अट मोडली. दुसऱ्या वेळीं हेडमास्तर रात्रीं त्यांच्याजवळ नकाशांच्या खोलींत बसून राहिले आणि सकाळीं घंटा त्यांच्याच हातून वाजवून घेतली. मीं विचारलें, “मामा, झोप लागत नाहीं का?” ते म्हणाले, “लागते, गुरुजी. पण लागली कीं भीति वाटते.” सहाव्या महिन्यांत मुलीच्या हातचें एक कार्ड आलें. त्यावर चार ओळी होत्या. मीं त्या तीनदां वाचून दाखविल्या.

दीड वर्षानें मामांनीं गांवांत दोन खोल्या भाड्यानें घेतल्या आणि बायकोला व मुलीला घेऊन आले. नकाशांच्या खोलीची किल्ली त्यांनीं हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि सलाम केला. तो सलाम शाळेच्या शिपायाचा नव्हता. मुलगी पुढें आमच्याच शाळेंतून पास झाली.

ती खोली, त्या अटी, तें पोस्टाचें पुस्तक आणि रविवारचें पत्र, यांना काय म्हणावें हें आम्हां कोणालाच ठाऊक नव्हतें. आज मी अमेरिकेंतल्या संक्रमण-निवासांची माहिती वाचतों, तेव्हां ओळख पटते. छप्पर, नियम, बचत, आणि विचारणारा एक माणूस. चोहींपैकीं एक जरी काढलें तरी बाकीचीं तीन व्यर्थ जातात. हेडमास्तर म्हणाले होते, येथें आपण विचारणार आहों. धर्मशाळा आणि घर यांच्यामधलें अंतर एवढेंच आहे.

राष्ट्र माणसाला गणवेश एका दिवसांत चढवितें. तो उतरविण्यास किती दिवस लागतात, हें मात्र त्याच्या घरच्यांना विचारावें. जो आपल्या दारावर पहारा करून आला, त्याला आपलें दार उघडून देणें हें दान नव्हे; तें थकलेलें देणें आहे, आणि थकलेल्या देण्यावर व्याज चढत असतें.